चौतीस किलोंचा सिंबा

गेल्या अंकात मी गडांवरच्या माकडांबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती कुत्र्यांबद्दल. तीही थोडीथोडकी नाहीत. त्यातली पाच इथे घेते. माझी ओळख नव्या वाचकांसाठी: जनावरांची डॉक्टर, नोकरीचा बराचसा काळ अकोले तालुक्यात गाई-म्हशींच्या मागे गेला, आता निवृत्त आणि नाशिककर. डोंगराचं वेड नोकरीच्या आधीपासूनचं.

प्रश्न : आमचा सिंबा तीन वर्षांचा लॅब्राडोर आहे, वजन ३४ किलो. लोहगड, विसापूर, राजमाची त्याने आमच्यापुढे पळत केले आहेत. जूनअखेरीस आम्ही चार मित्र मनालीहून हम्पटा पास करणार आहोत आणि सिंबाला न्यायचंय. नेपाळमध्ये एक कुत्री सात हजार मीटरच्या शिखरावर गेली असं वाचलं. म्हणजे कुत्र्यांना उंची बाधत नाही ना? पुढच्या वर्षी फ्रेंडशिप शिखराचा विचार आहे. सिंबाची तयारी कशी करून घ्यावी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सिंबाच्या तयारीआधी तुमची पाहू. वाण्याकडून तांदळाचं २५ किलोंचं पोतं आणा, त्यावर ९ किलोंची पिशवी बांधा, पाठीवर घ्या आणि इमारतीचे चार मजले चढून उतरा. लिफ्ट नाही. जमलं? आता तेच पोतं मध्येच हिसडे देतंय, लाळ गाळतंय आणि घाबरून तुमच्या मानेत नखं रोवतंय असं समजा. वाटेत सिंबा बसला, तर हे पोतं तुम्हालाच खाली आणायचं आहे. खेचर करू म्हणाल, तर खेचराच्या पाठीवर लॅब्राडोर चढवून बघा आणि मला फोटो पाठवा.

नेपाळची ती कुत्री खरी आहे, पण तिची गोष्ट पूर्ण वाचा. नोव्हेंबर २०१८. डॉन वारगॉव्स्की नावाच्या अमेरिकन म्होरक्याची तुकडी मेरा शिखर आटोपून बरुंत्सेकडे निघाली होती. मेरा ला खिंडीजवळ एक भटकी कुत्री त्यांच्या मागे लागली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पुढे एकदा तिला बेस कॅम्पवर बांधून ठेवलं, तर पठ्ठी दोर कुरतडून मागोमाग हजर. ती ७,१२९ मीटरच्या बरुंत्सेच्या माथ्यापर्यंत गेली. सात हजारांवरच्या शिखरावर कुत्रं पोहोचल्याची ही पहिली नोंद. लोकांनी तिला मेरा म्हटलं. नंतर तिथल्या बेस कॅम्पचं काम बघणाऱ्या शेर्पाने तिला घरी नेलं आणि तिची बारू झाली.

आता सिंबा आणि ही बाई शेजारी उभे करा. ती त्याच डोंगरात वाढलेली, पाच हजार मीटरवर भटकणारी. तिच्या गळ्यात पट्टा नव्हता. कुठल्याही क्षणी वळून खाली जायची तिला मुभा होती, आणि तरी ती वर गेली. तिबेटकडच्या कुत्र्यांच्या रक्तातच फरक असतो. तिबेटी मास्टिफमध्ये विरळ हवेत तगवणारं ईपास-१ नावाच्या जनुकाचं एक रूप सापडलं आहे, आणि ते तिथल्या लांडग्यांकडून आल्याचं संशोधक सांगतात. सिंबाच्या पणज्या-खापरपणज्यांनी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांची जाळी ओढली. समुद्रसपाटीची जात, आणि राहते समुद्रसपाटीच्या डोंबिवलीत.

तुम्हाला जुनं उदाहरण हवं असेल तर मी मेरापेक्षा चिंगेल नावाच्या कुत्रीचं देईन. आपल्याकडे असती तर चिंगी झाली असती. स्वित्झर्लंडचा नावाजलेला वाटाड्या ख्रिश्चन आल्मर. १८६५ साली त्याने या पिल्लाला चिंगेल खिंडीतून पलीकडे नेलं, म्हणून हे नाव. १८६८ मध्ये कुलिज नावाचा सतरा वर्षांचा अमेरिकन पोरगा आल्मरबरोबर आयगर शिखर चढायला गेला आणि हात हलवत परत आला. त्याचं तोंड उतरलेलं बघून आल्मरने समजूत घालायला ही कुत्री त्याला देऊन टाकली. पुढची काही वर्षं कुलिज, त्याची मावशी मेटा ब्रेव्हर्ट आणि चिंगेल यांनी मिळून आल्प्स पालथा घातला. शिखरं आणि खिंडी धरून मोठ्या चढाया ६६. २४ जुलै १८७५ ला ती आल्प्सच्या सर्वांत उंच शिखराच्या, मों ब्लांच्या माथ्यावर होती. त्या काळी लंडनच्या अल्पाइन क्लब या गिर्यारोहकांच्या संस्थेत बायकांना प्रवेश नव्हता, पण कुलिज चिंगेलला क्लबची मानद सदस्य म्हणायचा. मावशीला काय वाटत असेल, ते मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.

पहिली खिंड १८६५, मों ब्लां १८७५. दहा वर्षं. तुमचा बेत लोहगडानंतर थेट हम्पटा आणि मग फ्रेंडशिप, म्हणजे ५,२८९ मीटर.

आता माझी फजिती सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई नुसती पुस्तकी बोलते. माझी गुंडी गावठी, काळी, १४ किलो, काटक. आम्ही मार्चअखेरीला कळसूबाईला गेलो. पायथ्याच्या बारी गावातून निघायला चहाच्या नादात साडेआठ वाजले. शिड्यांवर तिला सॅकमध्ये घालून नेली, वर देवीला नमस्कार केला, माथ्यावर अर्धा तास वारा खाल्ला. उतरताना एक वाजला होता. उघडा कातळ. गुंडी माझ्या टाचेला टाच लावून चालत होती. मला वाटलं, काय शहाण्यासारखी चालतेय! ती नेहमी पुढे पळणारी, आज मागे का, हा प्रश्न डॉक्टरणीला पडला नाही.

मग पाणी प्यायला थांबले तेव्हा नीट बघितलं. जीभ लोंबत होती, टोकाला पळीसारखी रुंद. लाळ चिकट, तार सुटलेली. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, तर विटेच्या रंगाच्या. ती करवंदीच्या जाळीखाली अंग टाकून पडली. थर्मामीटर माझ्या पिशवीत असतोच: ४१.१ अंश. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ च्या आसपास असतं. पाणी आणायला मी उठले, तर ही लटपटत माझ्याबरोबर उठली. पाय चालत नव्हते, पण मी निघाले म्हणजे निघायचं, एवढंच तिला ठाऊक. मी बसले, ती पडली. पुन्हा उठले, पुन्हा ती उठली. शेवटी खाली सरबताचं दुकान लावणाऱ्या मावशींना हाका मारल्या. त्यांनी हंडाभर पाणी आणलं आणि 'एवढं कुत्र्याला?' असं एकदाच विचारून स्वतःच ओतायला लागल्या. पोटावर, काखेत, मांड्यांत पाणी, आणि वरून स्टीलच्या ताटाने वारा. ३९.५ पर्यंत उतरलं तेव्हा थांबलो, कारण त्यापुढेही गार करत राहिलं तर ताप फार खाली घसरतो. ओलं फडकं अंगावर टाकून ठेवू नका, आत वाफ कोंडते. पाणी आणि वारा. आधी जागेवर गार करा, मग दवाखाना.

त्यानंतर गुंडी नऊ वर्षं जगली. तिचं कळसूबाईवर प्रेमच होतं. उन्हाळ्यात मात्र मी तिला पुन्हा नेलं नाही.

हे हिमालयाच्या पत्राला का सांगतेय? कारण थंडीत तरी काय वेगळं होणार? हम्पट्याची खिंड साधारण ४,२७० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्के. तुमचं डोकं दुखलं तर तुम्ही म्होरक्याला सांगाल, खोटं का होईना 'बरं वाटत नाही' म्हणून तंबूत पडाल. सिंबाचं दुखलं तर तो तुमच्यामागे चालत राहील. आवडीचं खाणं हुंगून सोडून देणं, उलटी, बसल्या जागी धाप, फिकट किंवा निळसर हिरड्या, पाय टाकताना तोल जाणं, यांतलं काहीही दिसलं तर औषध एकच: लगेच खाली. 'सकाळी बघू' म्हणू नका. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, तुमच्या डब्यातली तुमच्यासाठी आहे, कुत्र्याला मनाने देऊ नका.

शिवाय दोन गोष्टी कुणी सांगत नाही. पहिली: ती वाट गद्दी मेंढपाळांची. जून-जुलैत कळप त्याच कुरणांवर असतात आणि कळपाबरोबर त्यांची कुत्री. बिबट्याने मान धरू नये म्हणून कित्येकांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा असतो. ती राखणीची कुत्री आहेत. कळपाकडे शेपूट हलवत येणारा गुबगुबीत सिंबा त्यांच्या दृष्टीने पाहुणा नाही, आणि चूक त्यांची नसेल. दुसरी: तिथवर नेणार कसे? रेल्वेत कुत्रा एकतर पहिल्या वर्गाच्या पूर्ण राखीव कूपेत तुमच्याबरोबर, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. जूनमध्ये त्या पेटीतून उत्तर भारत पार करणं हाच खरा ट्रेक आहे, आणि तो सिंबा एकटा करणार.

तर माझं मत: या जूनला सिंबा घरी. त्याला हिमालय दाखवायचाच असेल तर ऑक्टोबरात गाडीने न्या, मनालीत चार दिवस राहा, तीन हजार मीटरच्या आत देवदारात भटका. फ्रेंडशिप शिखराचं नाव त्याच्यासमोर काढू नका. रागावू नका, तुमच्या पत्रात 'आमच्यापुढे पळत' हे शब्द वाचले तेव्हाच मला तो आवडला.

प्रश्न : कुत्र्याला ट्रेकिंगचे बूट घालावेत का? ऑनलाइन चारचा संच मिळतो.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चिंगेलचे पंजे बर्फात रक्ताळायचे म्हणून तिला चामडी बूट शिवून घेतले होते. तिने ते झटकून फेकले. दीडशे वर्षांत कुत्र्यांचं मत फारसं बदललेलं नाही.

सह्याद्रीत नकोत. कातळावर नखं आणि गादीच पकडतात. शिवाय कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांतून, तोही तुम्ही बांधून टाकाल. कातळ किती तापलाय ते पाहायला तळहाताची उलटी बाजू टेकवा. सात आकडे मोजेपर्यंत ठेववत नसेल तर कुत्र्याला नेऊ नका. बर्फात बोटांमधल्या केसांना गोळे चिकटतात. केस आधी कापा आणि दर थांब्यावर पंजा उघडून बघा. बूट घ्यायचाच तर एकच घ्या आणि सॅकमध्ये ठेवा. पंजा कापला की पट्टीवरून घालायला फार छान.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगला आहे. आम्ही कळसूबाईला रात्री चढलो तेव्हा बारीतलं एक पांढरं कुत्रं आमच्याबरोबर वरपर्यंत आलं. चुकलो तिथे त्यानेच वाट दाखवली. आम्ही त्याला बिस्किटं दिली, रात्री ते तंबूबाहेर झोपलं. सकाळी आम्ही गाडीने निघालो तर कितीतरी वेळ मागे धावत होतं. मला अजून वाईट वाटतं. त्याला पुण्याला आणायला हवं होतं का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही रे बाळा. तो बारीचाच. त्याचं घर आहे, बहुधा मालकही आहे आणि तुझ्यानंतर पुढच्या शनिवारी त्याने दुसरा ग्रुप गाठला असणार. वाट दाखवली म्हणतोस, पण तो त्याच्या रोजच्या वाटेने चालला होता आणि तुम्ही शहाण्यासारखे मागे गेलात. तेही काही कमी नाही.

पण त्या रात्रीबद्दल बोलते. कळसूबाई ज्या अकोले तालुक्यात आहे, तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला आहे. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या-गुरांपेक्षाही जास्त. म्हणजे तंबूच्या दाराशी तुम्ही पहारेकरी बसवला नव्हता, ताट वाढून ठेवलं होतं. माझ्या नोकरीच्या काळात सकाळी दवाखान्याच्या दारात 'रात्री कुत्रं नेलं' हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी यायचंच. गावातली माणसं संध्याकाळी कुत्र्यांना आत घेतात, आणि आपण त्यांना बिस्किटाच्या पुड्यावर डोंगरात बोलावतो.

दुसरं म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. बरोबरचं कुत्रं ससा, भेकराचं पिल्लू उठवतं, आपण टाळ्या वाजवतो. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा संसर्गजन्य रोग रानातल्या जनावरांना लागतो, आणि आपल्याकडच्या किती गावठी कुत्र्यांना त्याची लस मिळते ते मला विचार. घरचं कुत्रं अभयारण्यात न्यायचं मनात असेल तर निघण्याआधी वनखात्याला विचारावं, आणि 'नाही' म्हणाले तर वाद घालू नये. हे हिमालयवाल्यांनाही लागू आहे: केदारकंठा गोविंद पशुविहारात येतो, फुलांची दरी तर राष्ट्रीय उद्यानच.

पुढच्या वेळी असं कर. कुत्रं मागे लागलं की पहिल्याच वस्तीवर विचार, 'हे कुणाचं?' हाक मारून घेतील. तरी आलंच तर बिस्किट नको, पाणी दे. आणि घाट ओलांडून दुसऱ्या गावात उतरणार असशील तर त्याला अजिबात येऊ देऊ नकोस. पलीकडच्या गावची कुत्री त्याला फाडतात आणि परतीची वाट त्याला एकट्याला सापडेलच असं नाही. असा एक जखमी मी शिवलाय, मानेला अकरा टाके. कुठल्या ग्रुपबरोबर आला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

(दोन वाचकांनी रायगडच्या वाघ्याबद्दल विचारलंय. मी जिवंत कुत्र्यांची डॉक्टर आहे. त्या वादात मला ओढू नका.)

प्रश्न : माझ्या हस्कीला थंडी मानवते, मग उंच डोंगरासाठी तोच योग्य ना? सध्या त्याला पावसाळ्यात सिंहगडावर नेतो.
— एक वाचक, पुणे

उत्तर : थंडी वेगळी, विरळ हवा वेगळी. हस्की सैबेरियाच्या सपाट बर्फाची जात आहे, उंचीची सवय त्यालाही करूनच घ्यावी लागते. पावसाळ्यात सिंहगड ठीक, पण घरी आल्यावर तो दुहेरी कोट मुळापर्यंत कोरडा करा. कानात, गळपट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. दाट केसांत ती दिसत नाही, बोटांना लागते. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, मरगळ किंवा नाकातून रक्त आलं तर रक्त तपासून घ्या, वाट बघू नका.

आणि ट्रेकचा खाऊ त्याच्यासमोर उघडा टाकू नका. मनुके आणि चॉकलेट, दोन्ही कुत्र्याला विष. माणसांची ब्रुफेनची गोळी 'पाय दुखत असेल बिचाऱ्याचा' म्हणून दिली जाते आणि मग पोटात व्रण आणि मूत्रपिंडं बाद होऊन तो आमच्याकडे येतो.

प्रश्न : मी ७१ वर्षांची. मी आणि आमचा मोत्या दहा वर्षं रोज पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढलो. तो आता बारा वर्षांचा आहे. दिवाळीपासून तो पायथ्याशी येतो आणि बसतो. हाका मारल्या तर शेपूट हलवतो, पण उठत नाही. मी खाली येईपर्यंत तिथेच असतो. त्याला उचलून न्यायला मुलगा तयार आहे. न्यावं का? सवय मोडली तर तो खचेल अशी भीती वाटते.
— एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मोत्याने 'नाही' म्हटलंय. इतकं स्वच्छ 'नाही' कुत्रं सहसा म्हणत नाही. माझ्या गुंडीला ते कधीच जमलं नाही. तुम्ही दहा वर्षं त्याला ओढलं नसणार, म्हणून त्याला ते जमतंय.

म्हाताऱ्या कुत्र्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. पुढच्या पायांवर सगळा भार येतो, कोपरं आणि खांदे दुखतात. मुलाने वर नेलं तरी खाली येताना तो उडी मारून उतरायला बघेल. नेऊ नका. एकदा सांधे दाखवून घ्या आणि रक्तही तपासा, कारण बाराव्या वर्षी नुसतं 'वय झालं' म्हणून सोडायचं नसतं. दुखण्यावर कुत्र्यांसाठीची वेगळी औषधं आहेत, आणि ती चांगली आहेत.

पायथ्याशी त्याच्यासाठी गोणपाट टाकत जा, पहाटेची जमीन गार असते. तुम्ही चढून या, तो बसू दे. आणि तिथल्या चहावाल्याला तेवढं सांगून ठेवा की मोत्या कितीही बघत बसला तरी क्रीमचं बिस्किट द्यायचं नाही. तो रोज तिथेच का थांबतो, याचं अर्धं उत्तर मला तिकडेच दिसतंय.